एलिया मास्तरांची गूळतुला

एलिया मास्तरांच्या सहलीत एक नियम होता, आणि तो मोडायची शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाची छाती नव्हती. देऊळ असो, मशीद असो, दर्गा असो, उंबऱ्याशी चपला काढायच्या, डोक्याला रुमाल लागत असेल तर बांधायचा, आणि हात मागं धरायचे. मागं म्हणजे पाठीमागं, एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडून. माणसाचे हात मोठे बेइमान असतात, असं मास्तरांचं म्हणणं. समोर शेंदूर दिसला, उदाचा वास आला, की ते आपोआप जुळतात, मालकाला विचारतसुद्धा नाहीत. "आपण वास्तू बघायला आलोय," मास्तर बजावायचे. "कमान बघा, कळस बघा, दगडावर दगड कसा बसवलाय ते बघा. पण नमस्कार नाही, नारळ नाही, आणि प्रसाद तर नाहीच नाही."

मिशन शाळेचे हे हेडमास्तर. दर साली नाताळ सरला, की एसटीची कराराची गाडी ठरवायचे आणि मंडळीतल्या हौशी लोकांना जुनी ठिकाणं दाखवायला न्यायचे. गेल्या साली वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी झाली. त्याच्या आदल्या साली भीमेकाठचं एक भैरोबाचं देऊळ झालं. तिथं मास्तर गाभाऱ्याच्या चौकटीपाशी असे खिळून राहिले, की ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. खरं तर त्या आठवड्यात त्यांची धाकटी रूथ टायफॉईडनं दवाखान्यात पडली होती. पण ठरलेली सहल मोडायची नाही म्हणून माणूस आला, आणि आल्यावर नक्षीकामात बुडूनही गेला. केवढा हा विश्वास आणि केवढी ही विद्येची आवड, असं लोक म्हणाले. लोकांना काय, म्हणायला काहीतरी लागतंच.

हा कडकपणा मास्तरांनी बापाकडून उचलला होता. त्यांचे वडील म्हणजे विल्यम उपदेशक; त्यांचा फोटो अजून चर्चच्या आतल्या खोलीत टांगलेला आहे. काळा कोट, पागोटं, आणि डोळे असे की फोटोतूनही माणसाच्या खिशात बघावं. कुणाच्या पोराच्या गळ्यात ताईत दिसला तर ते त्या घरचं पाणी घेत नसत. आता त्याच उपदेशकांच्या मुलाचं, एलिया मास्तरांचं, नाव मंडळीचा पंच म्हणून पुढं आलं होतं. निवड सहलीनंतरच्या रविवारी व्हायची होती. मास्तरांना पंच व्हायचं होतं, फार व्हायचं होतं; फक्त तसं कुणाला दिसू नये यासाठी ते जिवाचं रान करत होते.

आणि नेमकी तेव्हाच आई बोलली.

बासष्ट साल उजाडायला चार-सहा दिवस होते. नाताळच्या करंज्यांचा डबा पुढ्यात घेऊन मास्तर बसले होते. राहेलबाई चुलीपाशी कोरा, बिनसाखरेचा चहा पीत होत्या. त्यांना गोड आवडत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"एलिया, मला औंदा पिराला न्यायचं," त्या म्हणाल्या.

"कुठल्या पिराला?"

"वरवंडाच्या फुडं, पीरवाडीला. तुझा नवस ऱ्हायलाय."

करंजी मास्तरांच्या घशात अडकली. त्यांच्या बायकोनं, लिडियाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि स्वतः कान टवकारून तिथंच बसल्या.

मग आईनं सगळं सांगितलं. मानमोडीची साथ आली होती. सकाळी हिंडणारं माणूस संध्याकाळी मातीत जात होतं. एलिया चार वर्षांचा, तापानं फणफणलेला. बाप खेड्यापाड्यांत मयतं पुरत फिरत होता. घरी राहेल एकटी, आणि प्रभूची प्रार्थना करून करून तिचे शब्द संपलेले. "मग मी पिराला बी बोलले. म्हणलं, पोरगं जगलं तर त्याच्या भारानं गूळ घालीन. आन् घालीपत्तुर गोडाला शिवणार न्हाई."

"म्हणजे तुला गोड आवडत नाही असं नाही?"

"आवडत न्हाई?" राहेलबाईंनी त्यांच्या हातातल्या करंजीकडं असं पाहिलं, की मास्तरांनी ती डब्यात ठेवली.

"मग तेव्हाच का नाही फेडलास?"

"तुझ्या बापाला सांगायची सोय होती व्हय? त्यानं मला घराभाईर काढलं असतं. म्हणलं, म्हाताऱ्याच्या मागनं फेडू. म्हातारा गेला, तर तू त्याच्यावर कडी केलीस."

"आई, आपण प्रभूची माणसं. पीर आपलं काय करणार?"

"करतुया का न्हाई त्ये मला काय म्हाईत? मी शबुद दिलाय. ख्रिस्ती माणसाला शबुद मोडायची माफी असती का? तसं असंल तर दाव कुठं लिवलंय." आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी अशीच गेले, तर त्यो तुझ्याकडं मागंल, एलिया. मला त्याचं भ्या वाटतंय."

मास्तरांनी पंधरवडाभर हो-ना केलं. पण आईचा तो कोरा चहा आता त्यांना बघवेना. जन्मभर त्यांनी तिच्यासमोर लाडू, जिलब्या, श्रीखंड हाणलं होतं, आणि वर "आईला आपलं तिखटच बरं" असं लोकांना कौतुकानं सांगितलं होतं. शेवटी त्यांनी युक्ती काढली. यंदाच्या सहलीत पीरवाडी घालायची. दर्ग्याच्या मागं एक जुनी मशीद आहे आणि एक बारव आहे. हेन्री पाळकांनी मंडळींना तिकडं न्यायचं. तेवढ्यात इकडं झटपट पारड्यात बसायचं, उतरायचं, आणि गूळ पीरवाडीकरांच्या हवाली करून कोट झटकत पुन्हा इतिहासात शिरायचं. वरवंडच्या गुऱ्हाळातून ढेपा परस्पर दर्ग्यावर पोचतील अशी सोय झाली. किती गूळ लागेल हेही मास्तरांनी शास्त्रशुद्ध पद्धतीनं काढलं होतं. नाताळ होताच शाळेच्या कामाला दौंडला गेले होते, तेव्हा स्टेशनातल्या वजनाच्या यंत्रावर सहज उभे राहिले होते. तेच तिकीट खिशात होतं. त्याच्या मागं भविष्य छापलेलं होतं, 'लवकरच समाजात आपले वजन वाढेल.' मास्तरांना ते पटलं होतं.

फक्त नाताळनंतर संक्रांत येते, हे त्यांच्या हिशेबात आलं नाही.

सहल ठरल्या दिवशी निघाली. न्हावऱ्याच्या रस्त्यानं धूळ खात, गीतं म्हणत गाडी चालली. वाटेत एक हेमाडपंती महादेव झाला. मास्तर नेहमीसारखे रंगले. चुन्याशिवाय दगड कसा उभा राहतो ते त्यांनी खांबाला थापटून दाखवलं. पाठीमागं मंडळी हात मागं बांधून ओळीनं उभी. पुजारी बिचारा दरवर्षी असले पाहुणे बघत नव्हता. त्यानं लिडियाबाईंना हळूच विचारलं, "एवढ्या लोकांना कुठं न्यायचं चाललंय? कोर्टात काय?"

पीरवाडीला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. दर्गा लहानसाच, पांढरा, पुढं चिंचेचं जुनं झाड. चिंचेच्या आडव्या फांदीला हत्ती बसेल अशी तागडी टांगलेली. तिच्याशेजारी ओट्यावर गुळाच्या ढेपा, आणि ढेपांशेजारी सुभान मुजावर, मेंदी लावलेल्या दाढीतून हसत. दिवस दौंडच्या बाजाराचा, म्हणून वाडीत चिटपाखरू नव्हतं. हे आपल्या पथ्यावर पडलं, असं मास्तरांना वाटलं.

"पाळकसाहेब, तुम्ही मंडळींना मागची मशीद आणि बारव दाखवा," मास्तर म्हणाले. "मिहराबाची कमान मुद्दाम बघा. मी आईला सावलीत बसवून आलोच."

हेन्री पाळक भोळा माणूस. मंडळींना घेऊन गेले. त्यांची पाठ वळताच मास्तरांनी कोट काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं आणि सगळं लिडियाबाईंकडं दिलं.

"चला मुजावर, उरका. आणि एक करा, तो नगारा वाजवू नका."

"नगारा न्हाई म्हंजी?" सुभानमियांनी डोळे वटारले. "पारडं उचललं की नगारा झालाच पायजे, मास्तर. त्याबिगर कळायचं कसं?"

"पिराला कळतंच की सगळं."

"पिराला कळतंय. लोकांस्नी कळाया पायजे."

"मग हळू वाजवा. वर काहीतरी टाकून वाजवा."

हे ऐकलं आणि सुभानमियां खो खो हसायला लागले. हसता हसता ओट्यावर टेकले. "घोंगडी टाकून वाजवू? आवो, असलं गिऱ्हाईक आख्ख्या जल्मात एकदाच आलं हुतं. तवा माझा बाप मुजावर, मी आपला पारडं धराया. मानमोडीच्या फुडलं साल आसंल. शिरूरचा कुणी उपदेशक हुता, काळा कोट, पागोटं, काखेत छत्री. संगं येवढंसं पोरगं. त्यो बी ह्येच म्हणला, नगारा नको. शेवटी बापानं घोंगडी टाकली आन् वाजवला. आन् त्या पोरानं काय करावं? भ्यालं आन् पारड्यातच मुतलं! खाली ठेवलेल्या दोन ढेपा वाया."

लिडियाबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तरांचे कान लाल झाले.

"त्या उपदेशकाचं नाव?" त्यांनी विचारलं.

"नाव आता कोण ध्येनात ठेवतंय? पर बापानं इचारलं, पोराची आई कुठं हाय? तर म्हणला, तिला कळता कामा नये. ती धर्माची लई कडक हाय."

 मग मास्तरांच्या छातीवरचा धोंडा धाडकन उतरला. अरे, म्हणजे झालंच की! बाबांनी फेडलं! नवस फिटला, प्रतिष्ठा वाचली, आणि पारड्यात बसायचं जे काय होतं ते आपण लहानपणीच, ओलं का होईना, बसून मोकळे झालो.

"आई, ऐकलंस का? बाबा येऊन गेले होते! सुटलीस तू. लिडिया, तो कोट दे इकडं."

पण राहेलबाई त्यांच्याकडं बघतच नव्हत्या.

"मी कडक?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदा हळू, मग चिंचेवरचे कावळे उडतील अशा आवाजात. "मी? मी कडक? आरं, तुला कणकण आली की मी भिंतीकडं तोंड करून रातभर पिराच्या पाया पडायची. म्हणायची, नको नेऊस, घालते गूळ, जरा दमानं घे. आन् ह्यो माणूस शेजारी घोरायचा! न्हाई घोरायचा तर काय, त्याचं फिटलं हुतं! येक शबुद बोलला असता तर? येक! त्रेचाळीस वर्सं मी भीत जगले, एलिया. कशासाठी? त्याच्या कोटासाठी!"

आणि त्या रडल्या. तोंड न झाकता, लहान पोरीसारख्या, चिंचेखाली उभ्या राहून रडल्या. मास्तरांनी आईला असं कधी पाहिलं नव्हतं. बाप गेला तेव्हासुद्धा नाही. त्यांना आईची माया आली आणि बापाचा असा राग आला, की हातातला कोटसुद्धा नकोसा झाला.

"जाऊ दे आई," ते म्हणाले. "फिटलं ना आता? गूळ परत पाठवून देऊ."

"परत?" राहेलबाईंनी डोळे पुसले. "त्यांनी त्यांचा फेडला. मी बोलले त्यो माझा. बस पारड्यात."

"अगं, लोक आवाज ऐकून इकडंच येतायत बघ."

"येऊ देत. लोक येतील, लोक येतील म्हणूनच ह्या घराचं आसं झालं. बस."

मास्तरांनी मशिदीच्या कोपऱ्याकडं पाहिलं. पाळकांचा पांढरा सदरा दिसायला लागला होता. कोट चढवून चार पावलं पुढं गेलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनी कोट लिडियाबाईंच्या हातात दिला, तागडीची साखळी धरली आणि पारड्यात बसले.

मंडळी आली. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे सगळ्यांचे हात पाठीमागं होते. चाळीस माणसं हात मागं बांधून अर्धगोलात उभी राहिली आणि पारड्यात मांडी घालून बसलेली ही वास्तू बघू लागली. सुभानमियां एकेक ढेप समोरच्या पारड्यात ठेवत होते.

"मास्तर, हे काय चाललंय?" हेन्री पाळकांनी विचारलं.

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. जुन्या काळच्या वजनमापांचं प्रात्यक्षिक दाखवतोय, म्हणाले असते तर निम्म्यांनी मानसुद्धा डोलावली असती. त्यांनी तोंड उघडलं. समोर आई उभी होती.

"नवस," ते म्हणाले. "माझ्या आईचा. मानमोडीत मी जगावं म्हणून बोलली होती."

 तेवढ्यात सुभानमियांनी शेवटची ढेप ठेवली. आणि मास्तरांचं पारडं जमिनीला चिकटलेलं ते चिकटलेलंच. इकडून हलवलं, तिकडून हलवलं, ढिम्म! संक्रांतीच्या लाडवांनी दगा दिला होता.

"कमी पडतंय," सुभानमियांनी जाहीर केलं. "आता वाडीत कुणी न्हाई. पर गोड काय बी चालतंय, आन् कुणीबी टाकलं तरी चालतंय."

 पंच व्हायला निघालेला माणूस पारड्यात अडकून बसलेला, खाली उतरला तर नवस मोडतो आणि बसून राहिला तर अब्रू जाते. राहेलबाईंचे डोळे पुन्हा वाहायला लागले. अशा वेळी मंडळीतून सगळ्यात आधी हलल्या त्या दबोराबाई, पाळकांच्या बायको. तरातरा गाडीत गेल्या, तिळाच्या लाडवांचा अख्खा डबा आणला आणि पारड्यात ठेवला.

"दबोरा!" पाळक म्हणाले.

"म्हातारं माणूस रडतंय," दबोराबाई म्हणाल्या, "आणि आपण काय हात मागं बांधून बघत बसायचं?"

झालं. हात मागून पुढं आले. कुणी गुळाच्या पोळ्या आणल्या, कुणी नाताळातला उरलेला केक आणला, कुणी पोराच्या खिशातल्या चिक्क्या काढल्या. पारडं डुगडुगलं. शेवटी राहेलबाईंनी ओट्यावर सांडलेला गुळाचा एक खडा उचलला, आपल्या हातानं वर ठेवला, आणि एलिया मास्तर जमिनीवरून उचलले गेले. नगारा असा दणाणला, की दौंडच्या बाजारात ऐकू गेला असावा. घोंगडी कुणी मागितली नाही.

आता पेच उरला प्रसादाचा. तुलेचा गूळ तिथंच खाऊन वाटून संपवायचा, घरी न्यायचा नाही, असा पिराचा रिवाज. आणि प्रसाद तर नाहीच नाही, असा मास्तरांचा. वाडीत खायला कुणी नाही. हेन्री पाळकांनी थोडा विचार केला, डोळे मिटले आणि गुळासाठी प्रभूचे आभार मानणारी छोटीशी प्रार्थना केली. "आमेन," मंडळी म्हणाली. "आमीन," सुभानमियां म्हणाले. आता तो प्रसाद राहिला नाही, जेवणानंतरचं गोड झालं, आणि मंडळी तुटून पडली. बराचसा गूळ तरीही उरलाच, तो बाजारातून परतणाऱ्या वाडीकरांसाठी सुभानमियांनी झाकून ठेवला. पंचांच्या निवडीचं काय झालं ते इथंच सांगून टाकायला हवं. पुढच्या रविवारी मास्तर बिनविरोध निवडून आले. विरोध करणार कोण? जो तो गूळ खाऊन बसलेला.

राहेलबाईंनी मात्र एकच खडा घेतला. तोंडात टाकला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "लई बदललाय ग गूळ," त्या लिडियाबाईंना म्हणाल्या. "का मीच इसरले, कुणाला ठावं."

परतीच्या वाटेवर चौफुल्याला गाडी चहाला थांबली. हॉटेलवाल्यानं कप वाटले. राहेलबाईंनी आपल्या चहात साखर मागितली, आणखी मागितली, तिसऱ्यांदा मागितली तेव्हा हॉटेलवाल्यानं डबाच पुढ्यात ठेवला. मास्तरांच्या पुढं कप आला. त्यांनी नेहमीसारखा हात हलवला.

"मला नको. पित्त आहे."

लिडियाबाईंचा कप ओठांशीच थांबला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. "अहो," त्या म्हणाल्या, "हे पित्त तुम्हाला कधीपासून आहे?"

"झाली दोनेक वर्षं."

"रूथ दवाखान्यात होती, त्या सहलीपासून."

मास्तर हॉटेलच्या छपराची बांधणी निरखू लागले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, नुसते पत्रे होते.

"रूथला उचकी लागली तरी मी अजून दचकते," लिडियाबाई म्हणाल्या.  "दोन वर्षं एकटीच दचकतेय. आणि तुम्ही मला पित्त सांगता?"

मास्तरांनी आईकडं पाहिलं. तिच्याकडून काही मदत मिळण्यासारखी दिसेना.

"तुझा विश्वास डळमळेल असं वाटलं," ते पुटपुटले. "तू त्या बाबतीत जरा कडक..."

पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

राहेलबाईंनी चहा संपवला, बशी पुसावी तशी बोटानं तळाची साखर पुसून खाल्ली आणि उठल्या. गाडीपाशी ड्रायव्हर बिडी ओढत उभा होता.

"ड्रायव्हरदादा," त्या म्हणाल्या, "भैरोबाच्या देवळाकडं इथनं रस्ता कुठनं फुटतुया?"